डाव्या मनगटाची सोनोग्राफी

वीस-बावीस वर्षं झाली, मी लोकांच्या लेकरांचे वाकडे दात सरळ करून राहिलोय. आठवड्यातले पाच दिवस नांदेडला, शनिवारी लातूरला. दवाखान्याच्या पाटीवर लांबलचक पदवी आहे, ती कोणी वाचत नाही. सगळे मला तारवाला डॉक्टर म्हणतात. आधी राग यायचा. एवढं शिकून काय मिळवलं, तर वायरमनसारखं नाव. आता मीच फोनवर सांगतो, हां बोला, तारवालाच बोलतोय.

खरं तर तार हे माझ्या कामातलं सोपं प्रकरण. दात काय, ढकलाल तिकडं सरकतो, आज नाही तर सहा महिन्यांनी. अवघड आहे ते हाड. खालचा जबडा मागं राहिलेला असला, हनुवटी गळ्यात शिरल्यासारखी दिसत असली, तर नुसत्या तारेनं भागत नाही. जबड्याचं हाडच पुढं यायला पाहिजे, आणि ते यायचं तर लेकरू वाढीच्या जोरात असताना. प्रत्येक लेकराला असा एक वर्ष-दीड वर्षाचा काळ येतो. पँट आखूड होते, चप्पल चावायला लागते, आई म्हणते कालच तर घेतली होती. त्या दिवसांत तोंडात वर-खाली दोन प्लेटा बसवल्या की जबडा पुढं धरून ठेवता येतो आणि हाड तसं वाढत जातं. तो काळ हातचा गेला की मग मोठेपणी ऑपरेशन, नाहीतर आहे तसंच राहायचं.

पण तो काळ आलाय का, की येऊन चाललाय, हे ओळखायचं कसं? शाळेच्या दाखल्यावर विसंबायची सोय नाही. आमच्याकडं निम्मी लेकरं जून महिन्यात जन्मलेली असतात, गुरुजींच्या कृपेनं. आणि खरी तारीख मिळाली तरी एकीचं हाड दहाव्या वर्षी जोर धरतं, दुसरीचं तेराव्या. म्हणून हाडालाच विचारावं लागतं. सरळ रस्ता एक्स-रेचा. डाव्या हाताचा काढला की मनगटाच्या आणि बोटांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या फटी दिसतात. फट उघडी म्हणजे वाढ बाकी, बुजली म्हणजे विषय संपला. चेहऱ्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे असतो, त्यात मानेचे मणकेही येतात, त्यांच्या आकारावरून अंदाज बांधता येतो. एक्स-रे नकोच असला तर साध्या युक्त्या आहेत. दर तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून उंची मोजायची. चपलेचा नंबर कितीदा बदलला ते विचारायचं. मुलगा असेल तर आवाज फुटला का, मिसरूड आलं का. मुलगी असेल तर पाळी सुरू झाली का, आणि झाली तर कधी. मुलीच्या उंचीचा मोठा जोर पाळी येण्याच्या थोडा आधीच होऊन गेलेला असतो. म्हणजे पाळी आली असेल तर वाट बघत बसायचं नाही, लगेच कामाला लागायचं.

आता हा शेवटचा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. लातूरला त्याची गरज पडायची नाही. लातूरच्या दवाखान्यात एक सिस्टर आहेत, त्या माझ्यापर्यंत पेशंट यायच्या आधीच सगळं विचारून कागदावर लिहून ठेवतात. शिवाय लातूरची आई म्हणजे फाईल घेऊन फिरणारी बाई. पोरगं कुठल्या क्लासला, कितव्या रँकला, मागच्या वर्षी किती उंची, कुठली ॲलर्जी, सगळं फाईलमध्ये. एक्स-रे म्हटलं की काढून मोकळी. नांदेडच्या दवाखान्यात मात्र माझ्या मदतीला कंपाउंडर आहे, पन्नाशीचा, मिशीवाला. तो असलं काही विचारणं शक्य नाही. आणि मी? मी लातूरच्या एका शिस्तीच्या घरात वाढलो. आमच्या घरी बहिणींचे ते चार दिवस म्हणजे कोणी काही बोलायचं नाही, कोणी काही बघायचं नाही. डॉक्टर झालो म्हणून ती सवय गेली असं नाही.

हे सगळं सांगायचं कारण एक मुलगी. शिवरात्रीच्या मागंपुढं आली होती, देगलूर तालुक्यातल्या एका गावाहून. सोबत आई आणि आजोबा. आजोबा म्हणजे आईचे सासरे. बाप हैदराबादला बांधकामावर असायचा, सणावाराला घरी यायचा. पोरगी सातवीत. गावची शाळा सातवीपर्यंतच, जूनपासून आठवीला एसटीनं देगलूरला जायचं ठरलेलं. वर्गात पहिली येणारी पोरगी, पण बाई उभं करून वाचायला सांगायच्या तेव्हा रडायची. वरचे दात बाहेर, खालचा जबडा पार मागं, ओठ मिटत नव्हते. आईनं सांगितलं, देगलूरच्या शाळेत नवी पोरं असतील, तिथं ही तोंडच उघडणार नाही. एवढी हुशार पोर तोंड मिटून बसली तर कसं व्हायचं. शाळेतल्या बाईंनीच त्यांना माझा पत्ता दिला होता.

मी तपासलं, भिंतीला उभं करून उंचीची खूण केली. असली केस म्हणजे माझ्या हातचं काम, वेळेत आली असेल तर. मी एक्स-रेची चिठ्ठी लिहायला घेतली आणि आईनं मान हलवली. घरी सासूबाईंनी निक्षून सांगितलं होतं, किरणांचा फोटो काढायचा नाही, पोरीची जात आहे, उद्या लेकरंबाळं व्हायचीत. मी समजावलं की दाताच्या एक्स-रेला किती कमी किरणं लागतात. आजोबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, तुमचं बरोबर असंल, पण म्हातारीपुढं आमचं कुणाचं चालत न्हाई.

मग राहिला तो प्रश्न. आजोबा समोरच्या खुर्चीत बसलेले, डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. त्यांच्यासमोर त्यांच्या सुनेला त्यांच्या नातीबद्दल असलं काही विचारायचं म्हणजे मला कसंतरीच झालं. त्यांना पाच मिनिटं बाहेर बसवता आलं असतं. पण मग ती बाई तरी परक्या पुरुषाला काय सांगणार, असं मी माझं मीच ठरवून टाकलं. प्रश्न गिळला.

आणि खरं सांगायचं तर मला दुसरीच खाज होती. त्या दिवसांत मी नव्यानं वाचलं होतं की मनगटाची सोनोग्राफी करून वाढीची फट बघता येते. किरणं नाहीत, सुई नाही, रक्त नाही. जेल लावायचं, मशीनचं टोक मनगटावर फिरवायचं, झालं. नांदेडच्या दवाखान्यांच्या गल्लीत माझा एक मित्र सोनोग्राफी करतो, कॉलेजपासूनचा. त्याला मी किती दिवस सांगून ठेवलं होतं की एखादी योग्य केस आली की पाठवतो. ही अगदी ठरवून पाठवल्यासारखी केस होती. मी ऐटीत सांगितलं की काही काळजी करू नका, लेकराच्या अंगाला काहीसुद्धा लागणार नाही अशी तपासणी करू. आईचा चेहरा उजळला. मलाही फार बरं वाटलं. चिठ्ठीवर लिहिलं, डाव्या मनगटाची सोनोग्राफी.

आठ दिवसांनी माय-लेकी तिथं गेल्या. आजोबा नव्या मोंढ्याच्या बाजारात फवारणीच्या पंपाचा एक भाग आणायला गेले होते. मित्राकडं त्या दिवशी गर्दी होती. बाकड्यावर सगळ्या पोटुशा बाया, मागं भिंतीवर गर्भलिंग निदान केलं जात नाही असं लिहिलेली पाटी, आणि त्या पाटीखाली ही बारा-तेरा वर्षांची पोर आईला चिकटून बसलेली. हे चित्र मी तेव्हा पाहिलं नाही. आज ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मला फक्त रिपोर्ट दिसला. फट अजून होती, पण अरुंद होत चालल्यासारखी. मित्र म्हणाला, मधली अवस्था समज. मी खूश. प्लेटा बनवल्या, कवळीसारख्या गुलाबी, पोरीनं रंग बघून नाक मुरडलं. बसवल्या, आरशात दाखवलं. जबडा पुढं आल्यावर चेहरा कसा दिसणार ते तिनं बघितलं आणि बघतच राहिली. जेवतानासुद्धा काढायच्या नाहीत, महिन्यानं दाखवायला यायचं, असं बजावून पाठवलं.

महिना झाला, कोणी आलं नाही. दुसरा महिना गेला. मी फोन लावला तर एका पुरुषानं घेतला, कोण म्हणून विचारलं, नांदेडचा दाताचा डॉक्टर म्हटल्यावर फोन कट. पुन्हा लावला तर बंद. माझं डोकं सणकलं. त्या आठवड्यात मी कंपाउंडरचं डोकं खाल्लं. या लोकांना कशाची किंमत नाही, आपण जीव तोडून करायचं आणि यांनी घरी जाऊन प्लेटा कपाटात टाकायच्या, वाढीचे दिवस काय यांच्यासाठी थांबणार आहेत का. कंपाउंडर नुसता हां साहेब, हां साहेब करत राहिला. तोही देगलूरकडचाच. त्याला माझ्याआधी कळलं होतं की काय, कोण जाणे.

एप्रिल सरता सरता आजोबा आले, एकटेच. बाहेर सगळे पेशंट होईपर्यंत बसून राहिले. आत आले तेव्हा मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं. आवाज चढवला नाही.

"डॉक्टरसाब, पोरीला पोटाच्या मशीनवर कामून घातलं?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्या दिवशी बाकड्यावर त्यांच्याच गल्लीतली एक बाई होती, लेकीला दाखवायला आलेली. तिनं विचारलं, पोरीला काय झालं गं? आईनं खरं ते सांगितलं, हाताचं हाय. बाईनं मान डोलावली. पण हाताची कुठं सोनोग्राफी असते व्हय? हात दुखला तर हाडाच्या डॉक्टरकडं जातात. पोटाच्या मशीनवर माणूस पोटासाठीच जातं. संध्याकाळच्या गाडीनं ती बाई गावात उतरली आणि पंधरा दिवसांत पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडं तेच. त्यात आईनं लपवायचा प्रयत्न केला, हात म्हणाली, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. आईनं माझी चिठ्ठी दाखवली तर ती इंग्रजीत. रिपोर्ट इंग्रजीत. एक जण म्हणाला, डॉक्टर लोक काय, सांगाल ते लिहून देतात.

पोरीच्या चुलत्यानं शाळा बंद केली. आठवीचं नाव काढायचं नाही, एसटीनं तर मुळीच नाही. औरादकडच्या एका पाहुण्याला लग्नाचा शब्दही टाकून झाला होता, आत्ता नाही पण दोन-तीन वर्षांनी बघू म्हणून. आजी म्हणायची, मी किरणं नको म्हटलं होतं, पण याच्यापेक्षा तीच बरी होती. आई कोणाशी बोलायची नाही. आणि पोरगी प्लेटा रात्री अंगावरची चादर डोक्यावर घेऊन घालायची, दिवसा काढून ठेवायची. तोंडात काही दिसलं की चुलता म्हणायचा, या डॉक्टरच्या नादानंच हे झालं.

मी आधी काय केलं असेल? भाषण केलं. सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरी, त्या पोटालाच लागतात असं कोणी सांगितलं, गुडघ्याची करतात, गळ्याची करतात, जगात सगळीकडं करतात. आजोबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "मला समजलंय साब. मला न्हाई, गावाला समजलं पायजे."

मग मी एकेक उपाय काढायला लागलो. लेटरहेडवर मराठीत लिहून देतो. म्हणाले, कागद कोण वाचतंय. सरपंचाला फोन करतो. म्हणाले, ज्याला ठाऊक न्हाई त्यालाबी कळंल. मी स्वतः येतो, गाडी काढतो, चार लोकांत सांगतो. त्यावर ते पहिल्यांदा हसले. तुमी गाडी घेऊन आलात तर म्हणतील, डॉक्टर झाकायला आला. इतकी वर्षं लोकांना उपाय सांगून राहिलोय, त्या दिवशी एकही सुचेना. मला स्वतःची फार लाज वाटली, आणि त्या लाजेत थोडा रागही होता, कोणावर ते कळत नव्हतं.

कंपाउंडरनं चहा आणला. आजोबांनी बशीत ओतला, फुंकर घातली, अर्धा प्याले आणि मधेच बशी खाली ठेवली.

"ते मशीन माझ्या हाताला लागतंय का?"

लागतं म्हटलं. पण तुमची वाढ कुठली बघायची आता, बाबा. ते म्हणाले, वाढ बघू नका, नुसतं बघा.

पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. मी त्यांना लगेच नेतो म्हणत होतो, ते म्हणाले आज नको. सोमवारी. सोमवारी गावातले लोक नांदेडला येतात. मला पुढं कंपाउंडरकडून जे कळलं ते असं, की आजोबांनी घरी जाऊन शनिवारपासूनच सुरू केलं. पारावर, हॉटेलात, न्हाव्याकडं. सोमवारी चाललो नांदेडला, सोनोग्राफी करायची हाय. कोणाची? माझी. लोक बघतच राहिले. एसटीत तर त्यांनी गर्भवतीसाठी राखीव असलेल्या जागेपाशी उभं राहून कंडक्टरला विचारलं की सोनोग्राफीला चाललेल्या माणसाला इथं बसता येतं का. अख्खी गाडी हसली. कोणीतरी मागून ओरडलं, आज्या, कितवा महिना? आजोबांनी बोटं मोजली आणि सांगितलं, सत्त्याहत्तर वर्सं झाली, अजून दिवस भरंनात.

सोमवारी मी माझे पेशंट सोडून मित्राकडं गेलो. बाकड्यावर सात-आठ बाया, आणि मधोमध पटका बांधलेले आजोबा, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरून. त्यांच्यासोबत चुलता आला होता, त्याला जबरदस्तीनंच आणलेलं. तो दारात उभा, मान खाली. गावातले आणखी दोघं-तिघं उगीचच काहीतरी काम असल्यासारखे जिन्यात घोटाळत होते. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीनं धीर करून विचारलं, बाबा, तुमचं काय? आजोबांनी डावा हात पुढं केला. मनगटाचं बघायचंय म्हणाले, आमच्या नातीचंबी इथंच बघितलं, तिचं हाड वाढून राहिलं का ते बघाया. ती बाई म्हणाली, असं असतंय व्हय? असंच असतंय, आजोबा म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं.

मित्रानं चुलत्यालाही आत बोलावलं. जेल लावलं, आजोबा गार लागतंय म्हणाले. पडद्यावर हाडाची पांढरी कड दिसायला लागली. एका जागी मित्र थांबला आणि म्हणाला, इथं कधी हाड मोडलं होतं का? आजोबा उठूनच बसले. तरुणपणी बैलगाडीवरून पडले होते, तेव्हा वैदूनं बांबूच्या काड्या बांधल्या होत्या, ते कोणाला माहीतसुद्धा नव्हतं. चुलत्याला तर नाहीच. त्यानं पडद्याकडं बघितलं, बापाच्या हाताकडं बघितलं. बाहेर पडताना त्यानं मला पोरीची पुढची तारीख विचारली.

त्या तपासणीचा फोटो आजोबांनी पटक्यात खोचून नेला. पारावर दाखवला, हॉटेलात दाखवला. मशीनला मोडकं हाड कळलं म्हणून. आठवड्याभरात गावातल्या चार म्हाताऱ्यांना आपापली मनगटं दुखायला लागली आणि त्यांनी कंपाउंडरकडं चौकशी केली. ज्या गोष्टीवर लोक कुजबुजत होते तिच्यावर आता मोठ्यानं हसायला लागले. हसणं सुरू झालं आणि कुजबुज बंद पडली. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, आणि त्या माणसानं त्यासाठी सत्त्याहत्तराव्या वर्षी स्वतःचं हसं करून घेतलं. मी कोणाच्या पाया पडत नाही सहसा. त्या दिवशी पडलो.

जूनमध्ये तिघंही आले. पोरीचं नाव देगलूरच्या शाळेत घातलं होतं, एसटीचा पास निघाला होता. मी तिला भिंतीला उभं केलं. फेब्रुवारीच्या खुणेपेक्षा बोटभरसुद्धा वाढलेली नव्हती. हिचा जोर ओसरत चालला होता, आणि प्लेटा दिवसा तोंडात नव्हत्या. आता एक दिवसही वाया घालवून चालणार नव्हतं, आणि नेमकं किती उरलंय ते कळायला हवं होतं. पुन्हा सोनोग्राफीचं नाव काढायची माझी छाती नव्हती. तो प्रश्न आता विचारावाच लागणार होता.

मी आजोबांना म्हटलं, बाबा, जरा बाहेर चहा घेऊन येता का. ते म्हणाले, आत्ताच प्यालो की. मी म्हटलं, तरी पण. ते काही उठेनात. मग मी खुर्ची पुढं ओढली, आवाज शक्य तेवढा खाली घेतला आणि आईला विचारलं. मला वाटलं ती खाली बघेल, पदर चाळवेल. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मान वळवली आणि चांगल्या खणखणीत आवाजात सासऱ्यालाच विचारलं.

"मामा, आपल्या पोरीचं न्हाण कवा केलं आपण?"

"संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात," आजोबा म्हणाले. "मीच न्हाई का पातळ आणलं देगलूरहून. हिरवं."

मग दोघं मिळून मला सांगायला लागले, जसं काही मी परगावचा, अडाणी माणूस. त्यांच्या भागात पोरीला पहिलं न्हाण आलं की पाटावर बसवतात. नवं पातळ नेसवतात, हातभर बांगड्या भरतात, पाच सवाष्णी ओटी भरतात, खोबरं-गूळ वाटतात, भावकीला जेवण असतं. हैदराबादहून बाप आला होता. पलीकडच्या, तेलुगू बोलणाऱ्या गावचे पाहुणे आले होते. अख्खं गाव जेवून गेलं होतं. आणि हे सगळं मी तिला पहिल्यांदा तपासलं त्याच्या आधी महिनाभर.

म्हणजे मला जे कळायला पाहिजे होतं ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्या म्हाताऱ्यासमोर विचारायला मी लाजलो त्यानंच बाजारात उभं राहून पातळाचा रंग निवडला होता. आई म्हणाली, मला वाटलं तुम्ही इचाराल. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की तुमच्या लातूरच्या दवाखान्यात इचारतात म्हणून. येताना गाडीत मी हिला सांगून ठेवलं होतं. तुम्ही इचारलंच न्हाई, मग म्हटलं मशीनवर कळत असंल.

पोरगी खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. तिनं तोंडातल्या प्लेटा काढल्या, हातात धरल्या आणि मला विचारलं, मग ते मशीन कामून केलं?

खोटं बोलता आलं असतं. शास्त्रातली चार वाक्यं माझ्याकडं तयार असतात. पण समोर ते तिघं होते.

"मला विचारायची लाज वाटली," मी म्हणालो. "चुकलं माझं."

आजोबा काठीकडं बघायला लागले. चिडून नाही, एखाद्या गणिताची बेरीज कुठं चुकली ते शोधावं तशी पोरगी म्हणाली,

"मला वार्षिक परीक्षेला बसू दिलं न्हाई, तसंच आठवीत ढकललं. माझा पहिला नंबर होता."

एवढं बोलून तिनं प्लेटा परत तोंडात बसवल्या आणि मान मागं टेकवून तोंड उघडलं. मी हात धुतले आणि कामाला लागलो.